तेरा वर्षांच्या कॉम्प्युटरला चालणारी रॅम

माझा डेस्कटॉप २०११ सालचा, असेंबल केलेला. कोअर २ ड्युओ ई७५०० प्रोसेसर, इंटेलच्या जी४१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि बाकी भाग जोडणारी बोर्डावरची मुख्य चिप) मदरबोर्ड आणि १-१ जीबीच्या दोन रॅम. मी नागपुरात घरी बसून प्रबंध, कोर्टाचे कागद, पतसंस्थांचे अहवाल टाइप करून देते. माझं सगळं काम याच मशीनवर चालतं. २०२३ मध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तेव्हापासून मशीन लवकर सुरू व्हायला लागलं होतं. पण २०२४ च्या एप्रिलमध्ये फोटो आणि तक्त्यांनी भरलेला तीनशेच्या वर पानांचा एक प्रबंध हाती आला. वर्ड, ब्राउझर आणि दोन-तीन पीडीएफ एकदम उघडले की माउसचा बाण जागच्या जागी थांबायचा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९५ टक्क्यांवर. प्रबंध जूनमध्ये सादर करायचा होता, आणि ज्या मुलीचा तो होता तिचा रोज संध्याकाळी फोन यायचा.

नवा पीसी तीस हजारांच्या खाली बसत नव्हता. मग रॅम वाढवायची ठरवली. ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, ‘डीडीआर३ आहे ना, मग कोणतीही डीडीआर३ टाका.’ डीडीआर३ ही रॅमची एक पिढी, पण जुन्या बोर्डांच्या बाबतीत हे खरं नाही. म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

४ मेच्या शनिवारी सुरुवात केली ती कॅबिनेट न उघडता. सीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याच्या ‘मेनबोर्ड’ टॅबमध्ये बोर्डाचा मॉडेल आणि चिपसेट दिसतो, ‘मेमरी’ टॅबमध्ये रॅमचा प्रकार, आणि ‘एसपीडी’ टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकची, म्हणजे रॅमच्या पट्टीची, माहिती. मॉडेल नंबर घेऊन बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवली. जुन्या बोर्डांची मॅन्युअल्स बऱ्याच कंपन्यांनी अजून ठेवलेली आहेत. माझ्या बोर्डाला स्लॉट दोन, एकूण मर्यादा ८ जीबी, म्हणजे एका स्लॉटला जास्तीत जास्त ४ जीबी. ८ जीबीची एकच स्टिक आणावी हा विचार तिथेच संपला.

जी४१ चे बोर्ड दोन प्रकारचे निघाले होते, काही डीडीआर२ चे आणि काही डीडीआर३ चे. दोन्हींना पिना २४०च, त्यामुळे पिना मोजून काही कळत नाही. खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, डीडीआर२ ला १.८ आणि डीडीआर३ ला १.५. चिपसेटचं नाव माहीत आहे म्हणून बाजार गाठू नका. स्लॉट कोणता आहे हे स्टिकर किंवा सीपीयू-झेड बघूनच पक्कं करा.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट तपासली. माझं विंडोज १० होतं ३२ बिटचं. ते ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरूच शकत नाही, आणि त्या चारमधलीही काही आतल्या हार्डवेअरसाठी राखली जाते. म्हणजे ८ जीबी घेतली तरी विंडोज ६४ बिटचं केल्याशिवाय उपयोग नाही. ई७५०० हा ६४ बिटचा प्रोसेसर आहे, त्यामुळे रस्ता मोकळा होता. पण सगळं नव्याने बसवायचं म्हणजे दोन दिवस तरी काम बंद राहणार होतं, आणि त्याची धास्ती रॅमच्या खर्चापेक्षा जास्त वाटत होती.

११ मेला सुभाषनगरहून मेट्रोने बर्डीला गेले. ऊन इतकं होतं की सीताबर्डी स्टेशनच्या जिन्यावरून खाली उतरायलाच जिवावर आलं. दोन दुकानांत ‘डीडीआर३ आता ठेवत नाही’ असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दुकानात नवी, डबाबंद, ४ जीबीची, १६०० वेगाची स्टिक होती, जीएसटी धरून ९५० रुपये. मी बोर्डाचं नाव सांगितलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काऊन नाही चालणार ताई? डीडीआर३ आहे ना. टाकून बघा, चालूनच जाते.”

मी म्हटलं, “चालून जाते, तर मग बिलावर लिहून दे. जी४१ वर चालली नाही तर सात दिवसांत परत.”

त्याने मालकाकडे पाहिलं. मालकांनी मान हलवली आणि त्यांनी स्वतःच बिलावर ती ओळ लिहून सही केली. जुन्या मशीनसाठी काहीही नवं घेताना ही एक ओळ लिहून घ्या. नेहमीच्या बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असतं, आणि स्टिक बिघडलेली नसेल तर वॉरंटीचाही आधार मिळत नाही. तुमच्या बोर्डाशी न जुळणं हा वॉरंटीच्या भाषेत बिघाड नाही. स्टिकही मी एकच घेतली. ती चालली असती तर दुसरी आणायला परत गेले असते.

घरी येऊन बसवली. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. थोड्या वेळाने आतून लांब बीप सुरू झाली आणि थांबेचना. दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, तेच. जुन्या स्टिक परत लावल्यावर मशीन नेहमीसारखं सुरू झालं, तेव्हा जीव भांड्यात पडला. प्रबंधाची शेवटची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवली होती, तरी त्या दहा मिनिटांत हात गार पडले होते.

संध्याकाळी मॅन्युअल पुन्हा काढलं. मागच्या पानांत कंपनीने तपासून पाहिलेल्या स्टिकची यादी असते. त्यातले मॉडेल आज बाजारात मिळत नाहीत म्हणून लोक ते पान उलटून पुढे जातात. पण त्या यादीत ‘एसएस/डीएस’ असा एक रकाना होता, म्हणजे चिप एका बाजूला की दोन्ही बाजूंना. ४ जीबीच्या सगळ्या ओळींपुढे ‘डीएस’ होतं. मी आणलेली स्टिक हातात घेऊन उलटी केली. एका बाजूला आठ काळ्या चिप, दुसरी बाजू कोरी.

इथे थोडा हिशेब करावा लागतो. एका बाइटचे आठ बिट, म्हणून ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ते आठ चिपमध्ये बसवायचे तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची लागते, सोळा चिपमध्ये बसवायचे तर २ गिगाबिटची. जी४१ हा २००८ मधला चिपसेट. त्यातला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम वाचणारा भाग, २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप ओळखतो. नंतरच्या काळात ४ गिगाबिटच्या चिप स्वस्त झाल्या आणि कंपन्यांनी आठ चिपच्या स्टिक काढल्या. क्षमता तीच, डीडीआर३ ही तेच, खाचही तिथेच, तरी जुना कंट्रोलर त्या वाचू शकत नाही. दुकानदार याला ‘सिंगल साइड, डबल साइड’ म्हणतात. खरा मुद्दा बाजूंचा नसून प्रत्येक चिपच्या डेन्सिटीचा, म्हणजे एका चिपमध्ये किती बिट मावतात याचा आहे.

१३ मेला स्टिक, डबा आणि मूळ बिल घेऊन परत गेले. त्यांनी स्टिक आपल्या टेबलावरच्या नव्या बोर्डावर लावली. अर्थातच चालली. “माल तर चांगला आहे,” मुलगा म्हणाला. मी सही केलेली ओळ दाखवली. मग वाद झाला नाही, पण वेळ भरपूर गेला. बिलं करणारे गृहस्थ दुपारी चारनंतर येतात म्हणून थांबावं लागलं. त्यांनी स्टिकवरचा सिरीयल नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि ९५० रुपयांची क्रेडिट नोट करून दिली. रोख परत मिळणार नव्हते, सहा महिन्यांत त्याच दुकानातून दुसरं काही घ्यायचं होतं. सिरीयल नंबर बिलावर चढलेला आहे का हे घेतानाच बघून ठेवा. नसता तर ही स्टिक त्यांचीच आहे हे मी कशावरून दाखवलं असतं?

मालक म्हणाले, दिल्लीहून डबल साइड मागवून देतो, आठवडाभर लागेल. बोलावणं यायला २२ मे उजाडला. मधल्या काळात प्रबंध प्रकरणागणिक वेगवेगळ्या फाइलमध्ये तोडून काम रेटलं. मशीन कमी मेमरीचं असेल तर हा उपाय चांगला आहे, फक्त शेवटी अनुक्रमणिका आणि पृष्ठक्रमांक जुळवताना त्रास होतो.

२२ तारखेला काउंटरवर जी स्टिक आली तिला खरोखरच दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप होत्या. पण स्टिकरवर ‘१आर×४’ छापलेलं होतं. ही दुसरी अडचण मी या दरम्यान वाचून काढली होती. स्टिकरवरच्या या लहानशा खुणेत पहिला आकडा रँकचा, म्हणजे चिपच्या गटांचा असतो, आणि गुणिलेच्या पुढचा आकडा सांगतो की एक चिप एका वेळी किती बिट देते. रॅम एका वेळी ६४ बिट देते. ‘२आर×८’ म्हणजे आठ-आठ बिट देणाऱ्या आठ चिपचे दोन गट. ‘१आर×४’ म्हणजे चार-चार बिट देणाऱ्या सोळा चिपचा एकच गट. दोन्हींत चिप सोळाच आणि प्रत्येक चिप २ गिगाबिटचीच, पण इंटेलचे हे डेस्कटॉप चिपसेट ‘×४’ च्या चिप चालवत नाहीत. अशा स्टिक एएमडीच्या बऱ्याच बोर्डांवर चालतात आणि ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात विकल्या जातात. नुसत्या चिप मोजून भागत नाही ते यामुळे.

मी स्टिक उघडायच्या आधीच नको म्हटलं आणि का नको ते समजावून सांगितलं. मालकांनी चष्मा लावून स्टिकर वाचला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि शांतपणे डबा बाजूला ठेवला. “हे आम्हालेही नव्हतं माहीत, ताई,” ते म्हणाले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. इतकं जुनं सामान रोज हाताळणारी माणसंच आता कमी राहिली आहेत.

तसा एक माणूस बर्डीतल्याच एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर सापडला. माझा प्रिंटर पूर्वी त्यांनी दुरुस्त केला होता. ऑफिसांतून निघालेले जुने पीसी घेऊन त्यांचे सुटे भाग विकणं हा त्यांचा धंदा. जी४१ म्हटल्याबरोबर ते म्हणाले, “त्याले सोळा चिपवाली लागते ताई. आठवाली टाकली का नुसती बोंबलते.” मी तोवर बरंच वाचलं होतं, पण इतक्या थोडक्यात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी पुठ्ठ्याचं खोकं पुढे सरकवलं. पन्नासएक स्टिक असतील, काही उभ्या, काही आडव्या, धुळीने पिवळट झालेल्या. त्यातून ४ जीबीच्या वेगळ्या काढल्या. एका स्टिकरवर ‘पीसी३-१०६००आर’ होतं, ती लगेच बाजूला ठेवली. शेवटी ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम, साध्या डेस्कटॉपवर चालत नाही. डेस्कटॉपच्या स्टिकवर ‘यू’ असतं. सर्व्हरच्या स्टिक स्वस्त मिळतात आणि दिसायलाही सारख्याच, म्हणून हे अक्षर जरूर बघा. मग ‘४जीबी २आर×८ पीसी३-१०६००यू’ अशा, एकाच बनावटीच्या दोन स्टिक निघाल्या. स्टिकर पुसट होता, त्यामुळे चिपवरची अक्षरं वाचायची ठरवली. काळ्यावर करडी छपाई, सरळ पाहिलं तर काहीच दिसत नाही. ट्यूबलाइटखाली स्टिक तिरपी धरली आणि मोबाइलचा कॅमेरा झूम केला, तेव्हा ‘के४बी२जी०८४६’ असं उमटलं. सॅमसंगच्या या क्रमांकात ‘२जी’ म्हणजे २ गिगाबिट आणि त्यापुढचं ‘०८’ म्हणजे आठ बिट. हायनिक्सच्या चिपवर ‘एच५टीक्यू२जी८’ अशी सुरुवात असते, तिथेही २जी आणि ८ हेच शोधायचं. जिथे ‘४जी’ दिसेल ती या बोर्डासाठी सोडून द्यायची.

त्यांच्या टेबलावर जी४१ चाच एक उघडा बोर्ड होता. त्यावर दोन्ही स्टिक लावून दाखवल्या. पडद्यावर ८१९२ एमबी दिसलं. जुनी रॅम घेताना तुमच्याच चिपसेटवर लावून दाखवायला सांगा. नव्या बोर्डावर चालल्याने तुमच्यासाठी काहीच सिद्ध होत नाही. एका स्टिकचे ४५० रुपये, दोन्हींचे ९००. हाताने लिहिलेलं बिल, त्यावर दोन्ही सिरीयल नंबर आणि ‘एक महिना टेस्टिंग वॉरंटी’. सोबत बोर्डावर लागणारा सीआर२०३२ सेल ४० रुपयांना घेतला, कारण कधीकधी मशीनची तारीख मागे जायला लागली होती.

२५ मेला, नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस) सुरू झाला त्याच दिवशी, संध्याकाळी बसवायला घेतलं. आपल्याकडचं उन्हाळ्याचं एक सांगते. खोलीतला कूलर आधी बंद केला. त्याची ओली हवा उघड्या बोर्डावर येऊ देऊ नये, आणि कधी शिंतोडेही उडतात. मुख्य वायर काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत राहिलेला करंट निघून जातो. सुती कपडे, फरशीवर अनवाणी, आणि स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श. धूळ रंगाच्या कोरड्या, मऊ ब्रशने झटकली. जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर असतो. तो पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने निघतो, फक्त रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू द्यायचा नाही. दोन्ही कडेच्या पकडी बाहेर ढकलल्या, खाच जुळवली आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर दिला. पकडी आपोआप आत येऊन ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबावं लागतं. बोर्ड किंचित वाकतो तेव्हा भीती वाटते, पण अर्धवट बसलेली स्टिकही बीपच देते.

मशीन सुरू झालं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ८१९२ एमबी. तारीख-वेळ भरली, कारण सेल बदलला की ती जाते.

जुन्या रॅमवर लगेच विश्वास ठेवू नये म्हणून त्या रात्री मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावलं. हेही फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं, विंडोज लागत नाही. मध्यरात्रीनंतर लाइट गेली आणि तपासणी पहिल्यापासून सुरू करावी लागली. सकाळी उठून पाहिलं तर एक पूर्ण फेरी झाली होती आणि चुकांच्या रकान्यात शून्य. एकही चूक दिसली असती तरी मी त्या स्टिक परत केल्या असत्या. खराब रॅम मशीन बंद पाडतेच असं नाही, कधी गुपचूप फाइल बिघडवते, आणि माझ्याकडे दुसऱ्यांची वर्षांची मेहनत असते.

विंडोज उघडल्यावर ‘८ जीबी, त्यातली ३.२५ वापरता येण्याजोगी’ असं दिसलं. ते ३२ बिटमुळे, अपेक्षितच होतं. सीपीयू-झेडमध्ये वेग ५३३ मेगाहर्ट्झ दाखवत होता. ‘पीसी३-१०६००’ म्हणजे १३३३ ची रॅम घेतली आणि ५३३ दिसतंय म्हणून कुणी घाबरू नये. डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा देते, म्हणून ५३३ म्हणजे १०६६, आणि ई७५०० सोबत हा चिपसेट १०६६ च्या वर जात नाही. १३३३ ची स्टिक आपला वेग उतरवून घेते. चॅनेलसमोर ‘ड्युअल’ लिहिलेलं होतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम वापरल्या जात होत्या. सारख्या दोन स्टिक घेण्याचा फायदा हाच, विशेषतः माझ्यासारखं बोर्डावरचंच ग्राफिक्स असेल तेव्हा, कारण ते याच रॅममधून वाटा घेतं.

२७ आणि २८ मे विंडोजमध्ये गेले. सगळ्या फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढल्या. ३२ वरून ६४ बिटवर अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉलेशन करावं लागतं. माझं विंडोज १० आधीच ॲक्टिव्हेट होतं. तीच एडिशन निवडली, प्रॉडक्ट की मागितल्यावर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ वर क्लिक केलं, आणि इंटरनेट जोडताच ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं. डिजिटल लायसन्स दोन्ही बिटांना चालतं, मदरबोर्ड तोच असला म्हणजे झालं. खरी खटपट प्रिंटरची निघाली. जुन्या लेसर प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे हे मी आधीच बघून ठेवलं होतं, तरी तो लागायला अर्धा दिवस गेला. तुमचा प्रिंटर किंवा स्कॅनर जुना असेल तर त्याचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का, हे रॅम घेण्याच्याही आधी बघा. मिळत नसेल तर ८ जीबीवर खर्च करण्याआधी विचार करावा लागेल.

आता अख्खा प्रबंध एका फाइलमध्ये, शेजारी ब्राउझर आणि पीडीएफ उघडे असताना मेमरी निम्म्याच्या आसपास असते. बाण थांबत नाही. वर्डमध्ये अनुक्रमणिका ताजी करायला अजूनही वेळ लागतो. ते काम प्रोसेसरचं आहे, रॅमने तिथे फरक पडला नाही. मोठे व्हिडिओही अडखळतात. विंडोज १० ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते आणि विंडोज ११ साठी हा प्रोसेसर पात्र नाही, त्यामुळे हे मशीन मी तोवरच्या कामासाठी धरून चालले होते. एवढ्यासाठी ९४० रुपये मला योग्य वाटतात. प्रबंध जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बांधणीला गेला.

क्रेडिट नोट शिल्लक होती. माझ्या मावसभावाकडे एच६१ चिपसेटचा, दुसऱ्या पिढीच्या आय३ चा पीसी आहे, ४ जीबीचा. त्या चिपसेटला ४ गिगाबिटच्या चिप चालतात, एका स्लॉटला ८ जीबीपर्यंत. त्याचं मॅन्युअल पाहिलं, रिकामा स्लॉट आहे याची खात्री केली आणि त्याच दुकानातून तीच आठ चिपवाली १६०० ची स्टिक त्याच्यासाठी घेतली. त्याच्या मशीनवर ती पहिल्यांदाच चालली. त्याच्या प्रोसेसरमुळे वेग १३३३ वर आला आहे, बाकी काही तक्रार नाही. या वेळीही बिलावर बोर्डाचं नाव लिहून घेतलं.